तीन ठेसनं

आबा, आज शनिवार. शाळा सकाळचीच होती. पोरी गेल्या, शिपाई झाडून गेला, आणि मी अजून वर्गातच बसून आहे, कारण उठून घरापर्यंत चालायचं जिवावर आलंय. तुम्हाला लिहावं असं कालपासून मनात घोळतंय. तुम्हाला जाऊन एक तप झालं. आणि तुम्ही असतात, तरी हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं. तरीही लिहिते. सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही. आई आता निम्मं ऐकते आणि ऐकलेलं निम्मं विसरते.

आजारी वगैरे नाही मी, नुसती दमलेय. तापाची साथ येऊन गेली त्याला तीन वर्षं होत आली, पण त्या सालानं गावातनं जे नेलं ते अजून भरून आलेलं नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरींच्या आया गेल्या. दरबारानं शिक्षण सक्तीचं केलंय, पण सक्ती राहते कागदावर आणि पोरगी राहते म्हशीमागं. म्हणून शाळा सुटली की मी घरोघर फिरते. तीच दारं, तीच उत्तरं. पूर्वी मी भांडायची. आता नुसती ऐकून घेते, मान डोलावते आणि पुढच्या दाराशी जाते.

महाराज विलायतेला तिथल्या राजाच्या राज्याभिषेकासाठी निघाले, त्या साली मी नऊ वर्षांची होते. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात तुमच्या हाताला चव म्हणून बरोबर न्यायच्या माणसांत तुमचं नाव आलं. आईनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. ज्वारीचं पीठ, चटणीचे डबे, सुकं खोबरं असं सगळं घेऊन तुम्ही आगबोटीवर चढलात, आणि पावसाळा सरता सरता परत आलात ते वाळून. संध्याकाळी आपल्या ओट्यावर अख्खी पेठ गोळा झाली. तालमीतले पैलवानही लंगोटावर धोतर गुंडाळून तसेच आले होते. तुम्ही राजाच्या मिरवणुकीचं सांगाल असं सगळ्यांना वाटलं. तुम्ही सांगायला बसलात जमिनीखालच्या रेल्वेचं.

"जमिनीखाली रेल्वे? आन् धूर कुठं जातोय मग?" कुणीतरी विचारलं.

"जातोय कुठं? माणसांच्या नाकात जातोय की!" तुम्ही म्हणालात, आणि ओटा हसून हसून लोळला.

"वरची घरं पडत न्हाईत व्हय?"

"न्हाई पडत. वर घोडागाड्या पळत्यात, खाली आगगाडी पळतीया. वरच्याला खालचं ठावं न्हाई. आन् आणिक एक हाय, ती तर लईच खोल. तिला धूर न्हाई, इजंवर चालती. एका खोलीत माणसं कोंबत्यात, दार लावत्यात आन् खोलीच खाली सोडत्यात, हिरीत घागर सोडल्यागत."

निम्म्यांना ते खरं वाटलं नाही. त्या दिवसापासून पेठेत तुमचं नाव पाताळकर पडलं. तुम्हीही त्या नावाला ओ द्यायचात. मला आठवतंय, सगळे हसत होते आणि मला एवढा अभिमान वाटत होता की मी तुमच्या मांडीवरून उठतच नव्हते.

आणि चौथ्या दिवशी तुम्ही मला शाळेत घातलंत. ना कुणाला विचारलंत, ना कारण सांगितलंत. आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "आन् सकाळची चूल कोण बघणार? माझ्या हाताखाली कोण?" तुम्ही म्हणालात, "चूल मी बघतो." राजवाड्यात शंभर माणसांचं रांधणारा माणूस घरच्या चुलीला कधी हात लावत नव्हता. त्या दिवसापासून लावायला लागला. मला ते स्वयंपाकघर आत्ताही दिसतं. तुम्ही उकिडवे बसून भाकरी थापताय, शेजारी परातीत पीठ पसरलंय आणि मी त्यात बोटानं अक्षरं काढतेय. एक अक्षर झालं की तुम्ही विचारताय, "ह्ये कुठलं?" मी सांगतेय. मग तुम्ही त्यावर पाणी घालून ते पीठ मळताय, भाकरी करून माझ्या ताटात टाकताय आणि म्हणताय, "खा. पोटात ऱ्हाईल." मला शाळा आवडत नव्हती. बाई मारायच्या, बरोबरीच्या पोरी अंगणात खेळत असायच्या. एकदा मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले. तुम्ही ओवा दिलात, गरम पाणी दिलंत, आणि पोट दुखायचं थांबल्याबरोबर मला हाताला धरून शाळेच्या दारात नेऊन सोडलंत. निम्मी शाळा होऊन गेली होती तेव्हा.

दुसऱ्या वर्षी कधीतरी तुम्ही मला आगगाडीनं हातकणंगल्याला न्यायला लागलात. तिथं आपलं कुणीच नव्हतं. आई विचारायची, कशाला जाताय, तर तुम्ही म्हणायचात, सहज. सुट्टीच्या दिवशी आपण दोघं गाडीत बसायचो, खिडकीची जागा माझी. स्टेशन आलं की तुम्ही माझा खांदा दाबायचात. "काय लिवलंय?" मी पाटी वाचायची. तुम्ही शेजारच्या पावण्याला हळूच विचारायचात, "पावणं, कुठलं ठेसन ह्ये?" आणि त्यानं तेच नाव सांगितलं की पाठ टेकवून बसायचात. हातकणंगल्याला उतरून आपण स्टेशनाबाहेर फुटाणे खायचो आणि परतीची गाडी धरायचो. एवढाच तो प्रवास. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मला सगळं पाठ झालं होतं. तुम्ही खांदा दाबलात, आणि मी मांडीवरच्या फुटाण्यांतून मान वर न करताच म्हणाले, "रुकडी." तुम्ही मला फाडकन मारलीत. तुमच्या हातचा तो एकच मार. डब्यातली माणसं बघायला लागली. "पाठ म्हणू नगंस," तुम्ही म्हणालात. "बघ. आधी बघ, मग वाच." नाव तर बरोबरच होतं, मग मारलं का, ते मला कळलं नाही. मी परत येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. आज वर्गात एखादी पोरगी पुस्तकात न बघता धडा घडाघडा म्हणायला लागली की माझ्या तोंडून तेच शब्द निघतात. मारत मात्र नाही.

मी तेरा वर्षांची झाले तेव्हा बाईंनी आम्हाला इंग्रजी अक्षरं शिकवायला घेतली. ते घरी कळलं त्या दिवशी तुम्ही चटणीच्या रिकाम्या डब्यातून दोन कागद काढलेत. एक चिठ्ठी होती, घड्या पडून फाटायला आलेली. तिच्यावर एक नाव होतं आणि नावाखाली पेन्सिलीची जाड रेघ. मागच्या बाजूला वेगळ्या हातानं दुसरं नाव लिहिलेलं. दुसरा कागद म्हणजे त्या जमिनीखालच्या रेल्वेचा छापील नकाशा. लंडन शहराभोवती रेल्वेची रेघ गोल फिरलेली आणि तिच्यावर मण्यांसारखी स्टेशनं.

"ही रेघ मारल्यालं नाव ह्यात गावतंय का बघ."

मला वेळ लागला, पण सापडलं. तुम्ही तिथं तुमचं बोट ठेवलंत. "आन् ह्ये मागचं?" तेही सापडलं. तिथं दुसऱ्या हाताचं बोट. दोन्ही बोटं अगदी जवळ आली होती.

"मधी किती ठेसनं हाईत?"

"मध्ये दोन. तिसऱ्याला उतरायचं."

"म्हणजी तीन."

"तीनच की."

"तीनच व्हय," तुम्ही म्हणालात, आणि बराच वेळ बोटं उचललीच नाहीत. मला वाटलं, लंडन एवढंसंच निघालं म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. मी तेरा वर्षांची होते, शाळेत पहिली येत होते, आणि माझ्या अंगात मस्ती आली होती. मी म्हणाले, "एवढं साधं तुम्हाला तिथं कळलं न्हाई व्हय? मोठ्या अक्षरात लिवलेलं असतंय की." तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि नकाशाची घडी घालत म्हणालात, "न्हाई कळलं बघ."

त्यानंतर आठ-दहा दिवसांतली गोष्ट. मी बाहेरून आले तर तुम्ही माझी पाटी मांडीवर घेऊन बसला होता. पेन्सील तुम्ही पळीसारखी धरली होती, मुठीत. पाटीवर एक ग काढला होता, किंवा काढायचा होता. त्याची काठी एकीकडं आणि पोट दुसरीकडं. मला हसू आवरेना. मी ओरडले, "आई, हिकडं ये! आबांनी काय काढलंय बघ! ह्यो ग हाय का इंचू?" आई आली, पदर तोंडाला लावून तीही हसली. तुम्हीही हसलात. मग तळहातानं पाटी पुसलीत आणि उठत म्हणालात, "भात करपंल." चुलीवर भात नव्हता, आबा. त्या दिवशी चूलच पेटलेली नव्हती. तुम्ही पुन्हा पाटीला हात लावला नाहीत. आणि मी, जिनं पुढं शेजारपाजारच्या किती बायकांना हाताला धरून सही करायला शिकवलं, ती तुम्हाला एकदाही म्हणाले नाही की आबा, बसा.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी लग्न झालं आणि पंधराव्या वर्षी मी परत आले, पांढऱ्या कपाळानं. आई भिंतीला डोकं टेकून रडत होती, बायका येऊन जाऊन होत्या, आणि तुम्ही मला आत स्वयंपाकघरात बोलावून पुढ्यात ताट ठेवलंत. "जेव," म्हणालात. मी म्हणाले, नको. तुम्ही म्हणालात, "जेव. शाळा हाय की अजून." बायकांना शिक्षिका करायचे वर्ग चालतात, हे तुम्ही कुठून शोधून काढलंत, कुणाच्या दारात जाऊन उभे राहिलात, ते मला कधीच कळलं नाही. मी त्या वर्गाला जायला लागले आणि तीन महिन्यांत तुम्ही तापानं गेलात. माझा पहिला वर्ग, माझी पहिली हजेरी, यातलं काही तुम्ही बघितलं नाहीत.

तुमच्या दहाव्याला विलायतेत तुमच्याबरोबर असलेले हुजरेकाका आले होते. सगळे नदीवरून परत आल्यावर ते ओट्यावर माझ्याजवळ बसले. "तुझ्या बानं मला शपथ घातलीती," ते म्हणाले. "आता त्योच न्हाई, तवा सांगतो. तुला ठावं असाय पायजे." आणि त्यांनी सांगितलं. राज्याभिषेक राजाच्या दुखण्यामुळं लांबला होता, मुक्काम वाढला होता. तिथल्या एका साहेबानं तुम्हा दोघांना गाव बघायला सुट्टी दिली, आणि हरवलात तर असावी म्हणून प्रत्येकाच्या खिशात उतरायच्या स्टेशनाची चिठ्ठी दिली; परत येता यावं म्हणून मागच्या बाजूला चढायच्या स्टेशनाचं नाव दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलं.

"गर्दी लई हुती," काका म्हणाले. "तिसरं ठेसन आलं तसा मी उतरलो. मला वाटलं, ह्यो मागंच हाय. वळून बघतोय तर दारं बंद आन् गाडी बोगद्यात. त्यानं आतल्या एका साहेबाला चिठ्ठी दाखवली. साहेब चांगला हुता. त्यानं नावाखाली रेघ मारून दिली आन् खिडकीबाहेर बोट केलं, म्हणजी ही अक्षरं दिसली की उतर. पर भिंतीवर पाट्याच पाट्या गं पोरी. साबणाची पाटी, मोहरीची पाटी, कशाकशाची. नाव कुठलं आन् जाहिरात कुठली, त्याला काय कळणार? दर ठेसनावर तीच मोठी मोहरीची पाटी. त्याला वाटलं, गाडी पळतीया पर ठेसन त्येच हाय. आन् त्या गाडीला शेवट न्हाई. गोल फिरती. सकाळी बसल्याला माणूस दिवं लागायच्या वक्ताला गावला. अन्न न्हाई, पाणी न्हाई. मी ठेसनावर बसून हुतो, पर त्या धुरात, त्या घाईत कोण दिसतंय? एका हमालानं फेटा वळखला. ह्यो माणूस सकाळपासनं फिरतोय म्हणून त्यानं गाडीत चढून त्याचा हात धरला आन् माझ्यापुढं आणून उभा केला, ल्हान पोराला आणावं तसा. जाताना एक नकाशा बी दिला. हितनं फुडं चुकू नगंस म्हणून असंल."

मी विचारलं, आबा काय म्हणाले?

"काय न्हाई. वर रस्त्यावर आलो, त्यानं फेटा सारखा केला. मग मला इचारलं, तुझी पोरं शाळंत जात्यात काय रं?"

मी तुमच्या दहाव्याला रडले ते त्यानंतर. लोकांना वाटलं, बाप गेला म्हणून रडतेय.

तेव्हापासून मी त्या रेल्वेबद्दल मिळेल ते वाचत आले. इथल्या वाचनालयात विलायती मासिकांचे जुने गठ्ठे आहेत. शब्दकोश शेजारी घेऊन वाचते. तुम्ही बसलात ती त्यांची सगळ्यात जुनी वाट, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. तेव्हा त्यांना खोल खणता येत नव्हतं. आधी रस्ता उकरायचा, खाली रूळ टाकायचे, कमान बांधून वरून पुन्हा रस्ता घालायचा. त्यात गरिबांची घरंच्या घरं गेली. दोन कंपन्यांचं आपसांत पटेना म्हणून तो गोल पुरा व्हायलाच वीसेक वर्षं लागली. मग लोखंडी नळकांडं मातीत रेटत रेटत खोल खणायची युक्ती निघाली, त्यातली ती तुमची विहिरीत सोडलेली खोली. तुम्ही परत आल्यावर तीनच वर्षांत त्या गोलावरचा धूरही गेला, तिथंही विजेच्या गाड्या आल्या. आता म्हणे जिनेच चालतात, माणसानं नुसतं उभं राहायचं. आणि परवाच्या महायुद्धात आकाशातून बाँब पडायला लागले तेव्हा लोक पोराबाळांना घेऊन त्याच स्टेशनांत जाऊन बसत होते.

पण ज्यासाठी मी हे सगळं तुम्हाला लिहितेय ते वेगळंच. एका जुन्या अंकात मी वाचलं की त्या पाट्यांचा तिथल्या लोकांनाही त्रास होत होता. जाहिरातींच्या गर्दीत स्टेशनाचं नाव सापडत नाही म्हणून शिकलेसवरलेले साहेब तक्रारी करत होते, चुकीच्या जागी उतरत होते. शेवटी रेल्वेवाल्यांनी नावामागं मोठा लाल गोळा रंगवला, नाव वेगळं उठून दिसावं म्हणून. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या आसपासच हे सुरू झालं. मी ते पान तीनदा वाचलं. नुसतं वाचता न येणं एवढंच नव्हतं, आबा. पाट्याच वाईट होत्या. तुम्ही सात वर्षं ते सगळं स्वतःच्या माथी घेऊन गप्प राहिलात, आणि मी तुम्हाला म्हणाले होते, एवढं साधं कळलं न्हाई व्हय.

काल मी गंगावेशीजवळच्या एका गवळ्याकडं गेले होते. त्याची पोरगी हुशार आहे, पण दोन महिने शाळेत नाही. तो धार काढत होता. उठला नाही, पण म्हणाला, "बसा बाई. दूध घ्या." मी विचारलं, पोरगी का येत नाही?

"आई गेली तिची साथीत. धाकटी दोन हाईत. ती साळंत आली तर ह्यांना कोण बघंल? म्हशीस्नी कोण बघंल?"

"सकाळचे दोन तास तरी पाठवा."

"वाचून काय करायचं हाय बाई तिला? म्हशीला वाचून दाखवायचंय?"

हे मी किती दारांत ऐकलंय. एरवी मी कायदा सांगते, दंड सांगते. काल कायदा सांगायचंही त्राण नव्हतं. मी गव्हाणीच्या काठावर बसले आणि, का कोण जाणे, त्याला तुमची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितली. मोहरीच्या पाटीपाशी तो खो खो हसला. मी थांबले नाही. पुढं त्याचं हसणं थांबलं आणि धार काढणंही. म्हैस पाय झाडायला लागली.

"दिसभर?" त्यानं विचारलं.

"दिवसभर."

"आन् पाणी बी न्हाई?"

"नाही."

त्यानं चरवी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "कोण हुता त्यो?"

मी म्हणाले, "होता एक ओळखीचा. राजवाड्यात कामाला होता."

आज सकाळी पोरगी आली. उशिरा आली, दोन्ही धाकट्यांना घेऊन. ती दोघं मागं बसून दोन तास रडली, आणि मी कसाबसा वर्ग रेटला. सोमवारी येईल की नाही, सांगता येत नाही. पण आज आली.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. घरी नेऊन ठेवीन, नाहीतर चुलीत घालीन, अजून ठरवलेलं नाही. एक तेवढं सांगायचं राहिलं. मी निघताना गवळी मला रस्त्यापर्यंत सोडायला आला होता. त्यानं विचारलं, "मग फुडं शिकला का त्यो माणूस?" मी म्हणाले, "शिकला की. त्याच्या पोरीनं शिकवलं."